काकाचा गुडघा

"अरे, पाय आहे, काच नाही!" तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून सुटल्याबरोबर त्याला वाटलं, खोलीत आणखी कोणीतरी आलंय. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं ओल्या मोज्यांची रास होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेला पांढरा फळा, त्यावर त्यानंच सकाळी काढलेले बाण. गुरुवारचा सराव नुकताच संपला होता. बाकावर काका बसला होता, उजवा पाय सरळ पुढं करून, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. काका म्हणजे कुणाचा काका नव्हे. सत्तावीस वर्षांचा, फुटबॉल संघाच्या मधल्या फळीचा कणा. पण विशीतच टक्कल पडायला लागलं, तेव्हापासून सगळ्या संघाचा तो काका, आणि आता त्याचं खरं नाव फक्त पंचांच्या कागदावर उरलं होतं. शेजारी क्लबची फिजिओबाई उभी होती. तिनं दोनच मिनिटांपूर्वी स्वच्छ सांगितलं होतं, "स्कॅन झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. स्कॅनची वेळ सोमवारची आहे." आणि सामना शनिवारी होता. जिंकलं तर पहिल्या विभागात, नाहीतर आणखी एक वर्ष इथंच. अशा वेळी कोच जे बोलतो ते तो बोलला होता. काका हसला, पिशवी बाजूला सारली, "बरोबर आहे कोच" म्हणत उठला, आणि उठताना त्यानं खालचा ओठ दातांत धरला तो फिजिओबाईनं पाहिला. कोचनंही पाहिला. पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. ते वाक्य त्याचं नव्हतं. तो खर्जातला आवाज, 'अरे'नंतर घेतलेला दम, 'नाही'वरचा तो ठोका, सगळंच्या सगळं मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे त्याचे कोच, वीस वर्षांपूर्वीचे. आणि हे वाक्य त्याच्या आयुष्याच्या मधोमध उभं होतं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, डाव्या पायाचा, डाव्या बाजूनं असा पळायचा की समोरचा बचावपटू पंचांकडे पाहायचा, जणू काही तक्रारच करायची आहे. उपांत्य सामन्याच्या आधी चार दिवस डावा गुडघा सुजला. डॉक्टर नको म्हणाले. मग ती हिरव्या फरशांची खोली, एनॅमलच्या ताटलीतली सुई, आणि ते वाक्य. एकसष्टाव्या मिनिटाला तो एकटाच पळत असताना, आसपास कोणी नसताना, आत काहीतरी सुटलं. बारा हजार माणसं ओरडत होती, पण तो आवाज त्याला ऐकू आला. ओल्या कापडाची गाठ कुणीतरी हिसडा देऊन सोडावी तसा. पहिली शस्त्रक्रिया, अकरा महिने, दुसरी शस्त्रक्रिया, मग एक दिवस क्लबच्या पाटीवर यादी लागली आणि तीत तो नव्हता. त्यानंतर दोन वर्षं तो खेळाच्या सामानाच्या दुकानात बूट विकत होता. लोकांच्या पायांशी त्याच मोडक्या गुडघ्यावर बसून तो त्यांच्या अंगठ्यापुढं किती जागा उरते ते दाबून पाहायचा. काहीजण ओळखायचे. "अहो, तुम्ही तेच ना?" "होय, तोच," तो म्हणायचा, "जरा चालून दाखवा."

मग एका शाळेचा संघ मिळाला. मग तेहतिसाव्या वर्षी कोचच्या परवान्याचा वर्ग. बाकांवर दाटीवाटीनं बसलेले जुने खेळाडू, सगळ्यांचे गुडघे बाकाबाहेर, आणि फळ्याशी एक बारीक माणूस, जन्मात चेंडूला पाय न लावलेला, पण मोकळी जागा कशी बघायची हे असं शिकवणारा की घरी जाताना रस्तासुद्धा वेगळा दिसायचा. तिथं त्याला कळलं की आपल्याला येतं ते पायांतच अडकलेलं नाही. पुढं राखीव संघ, मग साहाय्यक, मग मुख्य कोच. सात शहरं, अकरा भाड्याची घरं. प्रत्येक मुलाखतीत तो एक वाक्य बोलायचा, "माझ्या कोचनं मला मोडलं, म्हणून मी कोच झालो." ते बोलून किती वेळ थांबायचं हेही त्याला आता ठाऊक होतं. समोरची माणसं माना हलवत. एका वर्तमानपत्रानं त्याचा मथळा केला होता. चार क्लबांनी त्याला त्या वाक्यावर नेमलं होतं म्हटलं तरी चालेल. आणि आज, सरावानंतर, ओल्या मोज्यांच्या वासात, त्याच तोंडातून मास्तर बोलून गेले होते.

घरी तो मैलभर चालत गेला. चालताना तो लोकांचे गुडघे पाहत होता. सिग्नलला थांबलेले, पायऱ्या उतरणारे, एक बाई लहान मुलाला कडेवरून दुसऱ्या कडेवर घेताना डावा गुडघा किंचित वाकवत होती. इतके गुडघे दिवसभर काम करतात आणि कुणाला पत्ता नसतो. घरात बायको नुकतीच आली होती. ती गाडी चालवायला शिकवते. जिथं बदली होईल तिथं नवं शहर तीच आधी शिकते, कारण तिला दुसऱ्यांना त्यातून न्यायचं असतं. तिनं बूट काढता काढता त्याचं सगळं ऐकून घेतलं.

"बरं, मग?" ती म्हणाली. "वीस वर्षं एखाद्याला शिव्या घातल्या की त्याचा आवाज लागणारच घशाला."

"चेष्टा करू नकोस."

"करत नाहीये. आज एका गृहस्थानं सरळ खांबाकडे नेली गाडी. माझ्या पायाशी दुसरा ब्रेक असतो म्हणून मी इथं आहे. तुझ्याकडे असतो का?"

"माझ्याकडे राखीव खेळाडू असतो."

"मग दाब की," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

इतकं सोपं नव्हतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. शनिवारी मोठ्या क्लबची दोन माणसं फक्त काकाला पाहायला येणार होती. काकाशिवाय संघ म्हणजे बिनदांडीचा पंखा. आणि हरलं तर क्लबचे सचिव, जे गेले दोन महिने त्याच्याशी बोलताना घड्याळाकडे पाहत होते, त्यांना हवं ते कारण मिळणार होतं. म्हणजे पुन्हा खोकी, पुन्हा नवं घर. या घरात ते दोन वर्षं होते, आजवरचं सगळ्यात जास्त. त्याची मुलगी सतरा वर्षांची होती. पाच शाळा बदलल्यावर तिनं नव्या जागी मैत्रिणी करायचं सोडून दिलं होतं. इथं मात्र गेल्या महिन्यात तिनं आपल्या खोलीच्या भिंतीत खिळे ठोकले आणि फोटो लावले. भाड्याच्या घरात खिळे नाहीत, हा त्यांच्या घरचा कायदा. कोणीच तिला काही बोललं नाही. तो तिच्या दारातून जाताना ते खिळे मोजायचा. सहा होते.

शुक्रवारी सकाळी हलका सराव होता. काका एका बाजूनं पळत होता, बरा पळत होता. वळताना मात्र तो अर्धं पाऊल कमी टाकत होता. पाहणाऱ्याला दिसू नये इतकं. पण कोचला दिसलं, कारण चोवीसाव्या वर्षी चार दिवस तोही तसंच अर्धं पाऊल चोरत होता. दुपारी त्यानं घरी फोन करून संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं आणि बसमध्ये बसला. मास्तर दीड तासावर राहत होते. इतकी वर्षं दीड तासावर, आणि तो एकदाही गेला नव्हता. बसमध्ये त्यानं काय बोलायचं ते जुळवून पाहिलं. तुम्ही माझं वाटोळं केलंत. नको. तुम्हाला आठवतं का. हेही नको. तुमचं एक वाक्य माझ्याकडे राहिलंय, ते परत घ्या. शेजारचा माणूस पेंगत पेंगत त्याच्या खांद्यावर आला, त्याला त्यानं सरळ केलं.

तळमजल्यावरचं घर. सुनेनं दार उघडलं. मास्तर खिडकीशी मटार सोलत बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मान बारीक झालेली, हात मात्र तसेच फावड्यासारखे. त्यांनी त्याच्याकडे आधी पाहिलं नाही, त्याच्या पायांकडे पाहिलं.

"डावा पाय अजून तिरका टाकतोस," ते म्हणाले. "बस. सोलायला घे."

तो बसला आणि खरोखरच शेंगा सोलायला लागला. मास्तरांच्या खोलीत त्यांनी सांगितलेलं न करणं त्याला जमेना. थोडा वेळ दाणे वाटीत पडत राहिले.

"मास्तर, तो उपांत्य सामना."

"हं. रडला होतास तू."

"पडल्यावर?"

"पडल्यावर नाही. आधी. डॉक्टर नको म्हणाला, मी तुझं नाव काढलं यादीतून. तू मला बोळात गाठलंस. बाही धरलीस माझी. म्हणालास, मास्तर, आज बसवलंत तर मी घरी तोंड दाखवणार नाही. दहा मिनिटं सोडली नाहीस बाही. मग म्हटलं, जा मर."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुम्ही म्हणालात, पाय आहे, काच नाही."

मास्तरांनी डोकं वर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क कौतुक होतं. "ते तू म्हणालास! डॉक्टरला. मला फार आवडलं होतं ते. पुढं मी सगळ्या पोरांना तेच म्हणायला लागलो." ते हसले, हसताना खोकले. "तुझं वाक्य मी दहा वर्षं वापरलं बघ."

"असं नाही झालं, मास्तर."

"नसेल," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण मी नको म्हणायला हवं होतं. बाही काय, फाटली असती." मग ते शेंगांकडे वळले आणि पुन्हा त्या विषयावर आले नाहीत. त्याचा संघ कोणता, हेही त्यांनी विचारलं नाही. निघताना सून दारापर्यंत आली. "काय बोलले ते मनावर घेऊ नका," ती हळूच म्हणाली. "काल मला सासूबाईंच्या नावानं हाक मारत होते. जुनं कधी लख्ख सांगतात, कधी रचून सांगतात. आम्हालाही कळत नाही कुठलं कुठलं."

परतीच्या बसमध्ये तो डोळे मिटून त्या खोलीत गेला. हिरव्या फरशा दिसल्या. ताटली दिसली, तिच्या काठाचा उडालेला टवका दिसला. मास्तरांचे बूट दिसले, उजव्याची नाडी तुटून गाठ मारलेली. डॉक्टरांच्या खिशातलं पेन दिसलं. सगळं जागच्या जागी होतं. मग ते वाक्य आलं, आणि ते कुणाच्या तोंडातून आलं ते काही केल्या दिसेना. तोंडच नव्हतं. खोलीत तिघं होते आणि वाक्य हवेत होतं. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फरशा, ताटली, बूट. वीस वर्षं ज्या एका माणसावर तो उभा होता तो माणूस पायाखालून सरकत होता, आणि त्याच्या जागी बाही धरून रडणारा कोणी पोरगेला चेहरा आणायचा म्हटलं तर तोही नीट दिसत नव्हता. म्हातारा खोटं बोलला असेल. म्हातारपणी माणूस आपला हिशोब आपल्याला सोयीचा करून घेतो. पण मग आपण चोवीसाव्या वर्षीच तो करून घेतला नसेल कशावरून? घरी आल्यावर त्यानं बायकोला एवढंच सांगितलं की मास्तर थकलेत.

शनिवारी दुपारी, सामन्याच्या दोन तास आधी, त्यानं यादी वाचली. काकाचं नाव त्यात नव्हतं; राखीवांतही नव्हतं. बुटांच्या नाड्या ओढण्याचे आवाज थांबले. काका त्याच्या मागोमाग बोळात आला.

"कोच, काहीतरी चुकलंय."

"चुकलेलं नाही."

"मी खेळतो म्हणतोय ना. माझा गुडघा आहे."

"यादी माझी आहे."

"ते लोक मला बघायला आलेत. वर बसलेत. मी सत्तावीसचा आहे. पुढच्या वर्षी कोण येणार आहे?" आणि काकानं त्याची बाही धरली. कोपराच्या जरा वर, मुठीत. तो त्या मुठीकडे पाहत राहिला. अशी धरली होती का मी? उजव्या हातानं? तो कापडाचा ताण, ते नखांचं टोचणं, हे ज्याची बाही धरली त्याला कसं लागतं ते आता कळत होतं; धरणाऱ्याला कसं वाटलं होतं ते आठवत नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं की हो म्हणून टाकावं, जा मर म्हणावं, म्हणजे निदान मास्तरांना काय वाटलं असेल ते तरी समजेल. मागं मैदानातून कर्ण्यावर कुठलंतरी गाणं लागलं होतं. त्यानं काकाची बोटं एकेक करून सोडवली.

"सोमवारी स्कॅन झालं की बोलू."

काकानं हात खाली घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "सगळ्यांना ठाऊक आहे तुमची गोष्ट," तो म्हणाला, आवाज न चढवता. "तुम्ही तुमच्या गुडघ्याची भरपाई माझ्याकडून करून घेताय."

सचिव जिन्यात भेटले. "काका नाही? मग तुमच्या मनात काय आहे ते तरी कळू द्या." त्यानं सांगितलं, फिजिओचा नकार आहे. "फिजिओचं काय, तिला नकाराचाच पगार असतो," सचिव म्हणाले आणि वर पाहुण्यांकडे गेले.

सामना वाईट झाला असं म्हणता येत नाही. पोरं जीव तोडून खेळली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत एक-एक होतं, मग समोरच्यांच्या एका माणसाला मधोमध चेंडू मिळाला आणि त्याच्यापुढं नुसतं गवत होतं. काका तिथं असतो. दर सामन्यात, कुणी न सांगता, वास आल्यासारखा तिथं येतो. कोचच्या बाकावरून त्यानं ती मोकळी जागा पाहिली, गोल होण्याच्या तीन सेकंद आधी पाहिली, आणि ओरडायला तोंड उघडलं तेव्हा हाक मारावी असं तिथं कोणीच नव्हतं.

सोमवारी स्कॅन झालं. फिजिओबाईनं स्वतः फोन केला. "स्वच्छ आहे," ती म्हणाली. "थोडी सूज, बाकी काही नाही. खेळला असता तरी… बहुतेक चाललं असतं."

"बहुतेक?"

"बहुतेकच म्हणणार मी. आणि खरं सांगू? पुन्हा तो गुरुवार आला तर पुन्हा नकोच म्हणीन. तुम्हीही तेच केलंत."

त्याला तिचे आभार मानायचे होते, पण मनात त्याला जे वाटलं ते वेगळंच होतं. त्याला वाटलं, काहीतरी निघायला हवं होतं. छोटीशी चीर, एखादा धागा. रिसीव्हर ठेवल्यावरही तो बराच वेळ फोनपाशी उभा राहिला, कारण तिथून हललं की हा विचारही आपल्याबरोबर चालायला लागेल अशी त्याला धास्ती वाटत होती. मंगळवारी सचिवांनी बोलावलं. बोलणं चार मिनिटांत झालं. सचिवांनी या खेपेला घड्याळाकडे पाहिलं नाही, उलट चहा विचारला. घरी आल्यावर त्यानं सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, "मी इथून हलणार नाही, बाबा. तुम्ही दोघं कुठं जायचं ते ठरवा." बायको म्हणाली, "कोणी कुठं जात नाहीये. माझी शिकवणी आहे." आणि त्या दिवसापासून घर बायकोच्या गाडीवर चाललं. तो सकाळी सवयीनं सहाला उठायचा, बूट घालायचा, मैदानाच्या उलट दिशेला चालत जायचा आणि नऊला परत यायचा. दोन क्लबांकडून विचारणा झाली. दोन्ही वेळा त्यांनी ती गुडघ्याची गोष्ट काढली, आणि दोन्ही वेळा तो गोष्टीच्या मध्यावर गप्प झाला. समोरच्यांना वाटलं, माणूस हळवा झालाय. त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं.

काकाला मोठ्या क्लबनं घेतलंच. ती दोन माणसं पुन्हा आली, एक साधा सराव पाहिला आणि घेऊन गेली. त्याला हे घरी बसल्या वर्तमानपत्रातून कळलं. त्यानं अभिनंदनाचा निरोप लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि पाठवला. उत्तर आलं नाही, आणि ते येऊ नये असंच त्याला वाटत होतं.

सहा महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, काकाचा सामना टीव्हीवर होता. बायको टेबलाशी शिकणाऱ्यांचे अर्ज तपासत होती, मुलगी जमिनीवर पुस्तक पसरून बसली होती. तो सामना पाहत होता असं वरवर दिसत होतं. चेंडू कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो काकाचा उजवा गुडघा पाहत होता. चेंडू नसताना, पंचांशी बोलताना, कॉर्नरच्या वेळी धक्काबुक्कीत, तेवढा एक गुडघा. काका सुरेख खेळत होता. अर्धं पाऊल चोरणं कुठंच नव्हतं. पडद्यावर काका फक्त कमरेपासून वर दिसू लागला की तो पुढं झुकायचा, खाली पाहायचं म्हणून. त्र्याहत्तराव्या मिनिटाला एक बचावपटू आडवा आला, दोघांचे पाय गुंतले, आणि काका खाली पडला. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून तो गवतावर लोळत होता. कॅमेरा जवळ गेला. काकाचं तोंड उघडं होतं.

टीव्हीसमोर तो उभा राहिला होता. कधी उठला ते त्याला कळलं नव्हतं. आणि त्याच्या छातीत, इतके महिने कुणीतरी गुडघा रोवून बसलं होतं ते उठून गेल्यासारखं, एकदम मोकळं झालं. श्वास पोटापर्यंत गेला. आता कळेल सगळ्यांना. असं शब्दांत काही आलं नाही, पण आलं ते हेच होतं. पडद्यावर स्ट्रेचर घेऊन माणसं धावली. मग काका उठून बसला, एका हातानं त्यांना नको म्हणाला, उभा राहिला, पाय दोनदा झटकला आणि पळायला लागला.

"काय रे, लागलं का त्याला?" बायकोनं अर्जांतून मान वर काढून विचारलं.

"नाही. उठला."

ती पुन्हा अर्जात मान घालणार होती, पण तिनं घातली नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मुलीनंही पुस्तकातून वर पाहिलं. तो तसाच खोलीच्या मधोमध उभा होता, आणि आपल्या चेहऱ्यावर काय आहे हे त्याला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं.

"मला बरं वाटलं," तो म्हणाला. आपला आवाज त्याला अगदी साधा, आपलाच ऐकू आला. "तो पडला तेव्हा. मला बरं वाटलं."

मुलीनं हळूच पुस्तक मिटलं. खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"आणि उठला तेव्हा?" बायकोनं विचारलं.

तिनं ते रागानं विचारलं नव्हतं; तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यानं आठवून पाहिलं. स्ट्रेचर आठवलं, काकाचा नको म्हणणारा हात आठवला, मोज्याला चिकटलेलं गवत आठवलं. त्या क्षणी आपल्या आत काय झालं, आनंद की आणखी काही, ते मात्र सापडेना. धड मिनिटापूर्वीचीही गोष्ट नव्हती, आणि तीसुद्धा त्याला नक्की सांगता येत नव्हती.

"बघू दे," तो म्हणाला, आणि खुर्ची पडद्याजवळ ओढून बसला. सामन्याची सोळा मिनिटं उरली होती.